व्हिडिओतली छोटी मॉडेल रेल्वे: कॅमेरा काय दाखवतो आणि काय राहून जातं

मॉडेल रेल्वेचे व्हिडिओ करणारे बरेच जण एकच सल्ला देताना दिसतात: जागा नाही म्हणून थांबू नका, छोटं स्केल घ्या. मग पुस्तकांच्या फळीवर बसवलेला लेआउट (रूळ आणि देखाव्याची मांडणी) येतो, टेबलाच्या काचेखाली फिरणारी गाडी येते, ब्रीफकेसमध्ये मावलेलं डोंगरातलं स्टेशन येतं. सल्ला चांगला आहे. पण छोटं स्केल कॅमेऱ्याला जितकं सोयीचं पडतं, तितकं ते हाताला पडतंच असं नाही. हा फरक कळला की व्हिडिओ पाहून स्केल नीट निवडता येतं, आणि घेतल्यावर गाडी अडखळली तर का अडखळली तेही समजतं.

आकडे आधी समजून घेऊ

स्केल म्हणजे खऱ्या वस्तूपेक्षा मॉडेल किती पटींनी लहान, ते प्रमाण. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. जगातला प्रमाणित रेल्वेमार्ग १४३५ मिमी रुंदीचा आहे. त्याला ८७ने भागलं की १६.५ मिमी येतात, तो एचओ. १२०ने भागलं की १२ मिमी, तो टीटी. १६०ने भागलं की ९ मिमी, तो एन. २२०ने भागलं की ६.५ मिमी, तो झेड. याच्याही खाली १:४५० प्रमाणाचा टी गेज आहे, त्याचे रूळ फक्त ३ मिमी अंतरावर असतात.

टी गेज सोडला तर यातलं काहीच व्हिडिओंच्या काळात जन्मलेलं नाही. ९ मिमीच्या रुळावरची गाडी जर्मनीतल्या आर्नोल्ड कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आणली, झेड मार्कलिनने १९७२ साली. टीटी तर त्याहून जुनं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते अमेरिकेत सुरू झालं, तिथे मागे पडलं आणि पूर्व जर्मनी व आसपासच्या देशांत टिकून राहिलं. हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीने २०२२ साली ब्रिटिश गाड्यांसाठी टीटी:१२० जाहीर केलं, तेव्हा ते पुन्हा चर्चेत आलं.

इथे एक खाच आहे, ती व्हिडिओचं लघुचित्र (थंबनेल) पाहून कळत नाही. ‘एन’ म्हटलं की रूळ ९ मिमीचा हे नक्की, पण गाडीचं प्रमाण नक्की नसतं. युरोप-अमेरिकेत ते १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८, जपानी गाड्यांना सहसा १:१५०. जपानमधले बरेचसे खरे मार्ग १०६७ मिमीचे, म्हणजे अरुंद आहेत. तिथे रूळ ९ मिमीचाच ठेवून गाडी थोडी मोठी केली गेली. शिंकान्सेनचा मार्ग प्रमाणित रुंदीचा, म्हणून तिची मॉडेलं १:१६०ची. ३० मीटर उंचीची इमारत १:१४८मध्ये २०३ मिमी भरते आणि १:१६०मध्ये १८८ मिमी. मागच्या ओळीत हा फरक खपून जातो. पण फलाटावर दोन प्रमाणांची माणसं शेजारी उभी केली की लगेच डोळ्यात येतो. शिवाय १:८७ प्रमाणातल्या अरुंद मार्गाच्या गाड्याही याच ९ मिमीच्या रुळावर धावतात. तेव्हा माणूस किती उंच आहे ते पाहा: ११ मिमीच्या आसपास असेल तर एन, २० मिमी असेल तर ती एचओची दुनिया आहे.

कॅमेऱ्याला छोटं का आवडतं

२३ मीटरचा डबा एचओमध्ये २६४ मिमी होतो, एनमध्ये १४४, झेडमध्ये १०५. दहा डब्यांची गाडी एचओमध्ये इंजिन सोडून अडीच मीटरांच्या पुढे जाते, एनमध्ये दीड मीटरच्या आत राहते. त्यामुळे डोंगर, पूल आणि अख्खी गाडी एका चौकटीत बसते. एचओमध्ये तेवढ्याच चौकटीत चार-पाच डबे दिसतात आणि गाडी डोंगरापेक्षा मोठी वाटते. छोट्या स्केलची खरी ताकद इथे आहे. निसर्गात गाडी लहान दिसते, तशीच ती टेबलावरही लहान दिसू शकते.

क्षेत्रफळाचा हिशेबही मोठा आहे. एचओच्या तुलनेत एनमध्ये त्याच पाट्यावर, म्हणजे लेआउटखालच्या फळीवर, सुमारे ३.४ पट जास्त जग मावतं. यातून एक उलटी गोष्ट निघते, ती व्हिडिओत सहसा कोणी बोलत नाही: पाटा तेवढाच ठेवला तर एनमध्ये झाडं, घरं, माणसं, दिवे सगळंच तिप्पट लागतं. ‘छोटं स्केल म्हणजे कमी काम’ हे फक्त पाटाही छोटा केला तरच खरं. व्हिडिओ करणारे तो छोटा करतात, कारण मालिका संपवायची असते आणि एका दिव्यात सगळं उजळवायचं असतं. तुमचा पाटा दोन मीटरांचा असेल तर त्यांच्या वेळापत्रकावर विसंबू नका.

कॅमेरा दुसऱ्या बाजूने फसवतो तो जवळून दाखवलेल्या दृश्यांत. पडद्यावर एनचं इंजिन हातभर मोठं होतं आणि एक मिलिमीटरची फट खऱ्या मापात १६ सेंटिमीटरची दिसते. मग प्रत्येक रिव्हेट, प्रत्येक नळी हवीशी वाटू लागते. निरोगी डोळ्याला ६० सेंटिमीटरवरून साधारण ०.१७ मिमीपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही. एनच्या प्रमाणात ते २८ मिमी झाले. म्हणजे खऱ्या गाडीवर दोन बोटांपेक्षा बारीक असलेली गोष्ट तुमच्या खुर्चीवरून दिसणारच नाही. ती फक्त कॅमेऱ्यासाठी असते. तुम्ही चित्रीकरण करणार नसाल तर तो वेळ रंगसंगतीवर आणि रुळांच्या सफाईवर घालवा, फरक जास्त दिसेल.

वेग मोजून पाहा

बहुतेक व्हिडिओंत गाड्या फार जोरात धावतात, आणि काही व्हिडिओंत दृश्य हळू केलेलं असतं म्हणून त्या दमदार वाटतात. हे तपासणं सोपं आहे. गाडी एका सेकंदात किती सेंटिमीटर गेली ते काढा आणि एनसाठी ५.७६ने गुणा, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. टीटीसाठी ४.३२, झेडसाठी ७.९२, एचओसाठी ३.१३.

उदाहरण घेऊ. काटो या जपानी कंपनीच्या युनिट्रॅक रुळाची २४९ मिमी त्रिज्येची वळणं आणि प्रत्येक बाजूला २४८ मिमीचा एकेक सरळ तुकडा जोडला तर एका फेरीची लांबी २०६ सेंटिमीटर होते. ताशी १०० किमीच्या वेगाला ती फेरी जवळजवळ १२ सेकंदांत व्हायला हवी. व्हिडिओत ती ६ सेकंदांत झाली तर गाडी ताशी २०० किमीने पळते आहे. मालगाडी असेल तर हे हास्यास्पद दिसतं, पण मुद्दा दिसण्यापुरता नाही. स्वस्त यंत्रणा असलेली इंजिनं जोरात गुळगुळीत चालतात आणि हळू चालवली की झटके देतात. इंजिनाचा खरा कस माणसाच्या चालण्याच्या वेगाला लागतो. एखादा परीक्षणाचा व्हिडिओ इंजिन रांगताना, थांबून पुन्हा सुटताना दाखवत नसेल, तर त्याने इंजिन तपासलेलंच नाही.

वळण आणि चढ: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

वरच्या उदाहरणातलं लंबवर्तुळ रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ७४६ × ४९८ मिमी भरतं. रुळाखालची खडीची पट्टी धरून ७७ × ५२ सेंटिमीटर, आणि गाडी जमिनीवर पडू नये म्हणून कडेला थोडी जागा ठेवली की ८५ × ६० सेंटिमीटरचा पाटा लागतो. एचओमध्ये ३६० मिमीचं अगदी आवळ वळण घेतलं तरी नुसती रुंदीच ८० सेंटिमीटरच्या आसपास जाते. एनचा फायदा इथे स्पष्ट आहे.

पण व्हिडिओतला पाटा ६० × ४० सेंटिमीटरचा असेल तर त्यावर २४९ मिमीचं वळण बसत नाही. तिथे टोमिक्स या जपानी ब्रँडच्या १७७ मिमीसारखी वळणं वापरलेली असतात, काही ठिकाणी १४० किंवा १०३ मिमीचीही. त्यावरून ट्राम, दोन आसांचे मालडबे आणि छोटी इंजिनं जातात. लांब प्रवासी डबे जात नाहीत. ते एकमेकांवर घासतात, कपलिंग (डबे जोडणारा आकडा) बाजूला ओढलं जातं आणि डबा आतल्या बाजूला उलटतो. व्हिडिओत कोणती गाडी फिरते आहे ते नीट पाहा. तीच गाडी तुम्हाला हवी असेल तर पाटा योग्य आहे.

ढोबळ नियम असा: सर्वात लांब डब्याच्या दुप्पट त्रिज्या ही किमान, अडीच पटीला बहुतेक गाड्या नीट चालतात, तिप्पट असेल तर निर्धास्त राहा. १४४ मिमीच्या डब्याला दुप्पट म्हणजे २८८, तिप्पट म्हणजे ४३२ मिमी. २८२ मिमीच्या वळणावर हा डबा चालतो तो बहुधा कपलिंग बोगीला, म्हणजे डब्याखालच्या वळणाऱ्या चाकांच्या चौकटीला, जोडलेलं असल्यामुळे. ते डब्याच्या अंगाला जोडलेलं असेल तर तिथेच अडेल. वळण आतल्या बाजूने पाहिलं तर डब्यांमधल्या फटी मिटलेल्या दिसतात, बाहेरून पाहिलं तर उघडलेल्या. कॅमेरा बहुतेक वेळा आत का असतो, ते यावरून लक्षात येईल.

आता चढ. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर एनमध्ये साधारण ५० मिमी उंची लागते. ४ टक्के चढ धरला तर त्यासाठी १.२५ मीटर लांबी हवी, २ टक्के धरला तर अडीच मीटर. मग उतरायलाही तेवढीच. म्हणजे ४ टक्क्यांनीसुद्धा चढ-उतार मिळून अडीच मीटर, आणि आपली फेरी आहे २०६ सेंटिमीटरची. छोट्या पाट्यावर दुमजली लेआउट दिसला तर चढ ४ टक्क्यांपेक्षा जास्त आहे आणि गाडी दोन-तीन डब्यांचीच आहे असं समजा. वळणावरचा चढ आणखी जड जातो, कारण चाकांच्या कडा रुळाला घासतात. चढाची सुरुवात एकदम केली तर इंजिनाची पुढची चाकं उचलली जातात, वीज तुटते आणि गाडी तिथेच थांबते. पहिला निदान एका डब्याएवढा भाग अर्ध्या चढाचा ठेवावा.

वजन घटतं, धूळ मात्र तेवढीच राहते

छोट्या स्केलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. तेच इंजिन एचओऐवजी एनमध्ये केलं तर वजन सुमारे सहाव्या हिश्शावर येतं, झेडमध्ये सोळाव्या. चाक रुळावर दाबलं जातं ते या वजनाने, आणि वीज चाकातूनच मोटरपर्यंत जाते. धुळीचा कण मात्र सहा पटींनी लहान होत नाही. एचओचं इंजिन जो कण चिरडून पुढे जातं, त्याच कणावर एनचं इंजिन क्षणभर उचललं जातं. आत मोठं फ्लायव्हील (गती टिकवणारी जड चकती) बसवायला जागा नसल्याने त्या क्षणाला पार करण्याइतका जोरही उरत नाही. टी गेजमध्ये वजन इतकं कमी पडतं की चाकं चुंबकीय आणि रूळ लोखंडाचे करावे लागले.

म्हणून सफाई नेमाने करावी लागते. व्हिडिओत ती कापून टाकलेली असते, कारण ती पाहायला कंटाळवाणी आहे. धागे न सुटणारं कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलं करा, ९० टक्क्यांच्या वरचं असेल तर उत्तम. बोटाला गुंडाळून दोन्ही रुळांच्या माथ्यावरून फिरवा, कापडावर काळी रेघ उमटायची थांबेपर्यंत. सँडपेपर वापरू नका. त्याने रुळावर बारीक ओरखडे पडतात आणि पुढची घाण त्यात घट्ट बसते. ॲसिटोन स्लीपरचं प्लास्टिक विरघळवतं, त्यालाही दूर ठेवा.

इंजिनाच्या चाकांसाठी टिश्यूची पट्टी त्याच अल्कोहोलने दमट करून रुळांवर आडवी ठेवा. इंजिनाची अर्धी चाकं टिश्यूवर आणि अर्धी कोऱ्या रुळावर राहतील असं धरून काही सेकंद मोटर फिरवा, मग इंजिनाचं तोंड दुसऱ्या बाजूला करून दुसरी अर्धी. टिश्यू दमट हवा, ठिबकणारा नको, आणि खोलीत हवा खेळती हवी: अल्कोहोल पेट घेतं आणि चाकाखाली ठिणगी पडू शकते. ज्या चाकांवर रबरी कडी असते ती वेगळ्या काडीने पुसा. तेल द्यायचं तर सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. जास्तीचं तेल रबरावर गेलं की इंजिन जागच्या जागी घसरतं, रुळावर गेलं की पुढच्या आठवड्याची धूळ तिथे चिकटते.

रुळाला वीज एकाच ठिकाणी देऊन मोठी फेरी चालवणं हीही नेहमीची चूक. प्रत्येक जोडपट्टीत थोडा विजेचा दाब गमावला जातो आणि गाडी लांबच्या टोकाला मंदावते. दर मीटर-दीड मीटरला वेगळी तार द्या. सांध्यांकडेही, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांकडेही, लक्ष हवं: काही सांधे फक्त ज्या बाजूला वळवलेले असतात त्याच बाजूला वीज देतात. बाजूच्या रुळावरचं इंजिन ‘बिघडलं’ असं वाटतं, तेव्हा आधी सांधा कोणत्या बाजूला आहे ते पाहा.

व्होल्ट, डीकोडर आणि न सांगितलेलं सामान

साध्या डीसीवर, म्हणजे कंट्रोलरने रुळातला विजेचा दाब कमी-जास्त करून चालवताना, एनच्या इंजिनाला १२ व्होल्टपर्यंत चालतात. झेडला ८ ते १० व्होल्टच द्यायचे. एनचा कंट्रोलर झेडला लावून पूर्ण फिरवला तर मोटर तापून जळते. कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर असलेलं इंजिन असेल तर जुन्या फीडबॅक पद्धतीच्या (मोटरचा वेग ओळखून वीज बदलणाऱ्या) कंट्रोलरपासून लांब ठेवा.

व्हिडिओत एखादं इंजिन दिवे लावून, आवाज करत, अगदी सावकाश सुटत असेल तर ते बहुधा डीसीसीवर आहे, म्हणजे रुळातून प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल आदेश देणाऱ्या पद्धतीवर. त्यात डीकोडर (ते आदेश वाचणारं छोटं सर्किट) आहे, ध्वनिक्षेपक आहे आणि वेगाची सेटिंग बसवलेली आहेत: सुरुवातीचा विजेचा दाब सीव्ही (डीकोडरमधली क्रमांकाची सेटिंग) २मध्ये, वेग वाढण्याचा दर सीव्ही ३मध्ये, कमी होण्याचा सीव्ही ४मध्ये. खोक्यातून काढलेलं साधं इंजिन तसं चालणार नाही. घेण्याआधी त्यात डीकोडरची जागा आहे का पाहा. आधुनिक एन इंजिनांत बहुधा नेक्स्ट१८ किंवा सहा पिनांचा सॉकेट असतो. जुन्या इंजिनांत काहीच नसतं आणि धातूची चौकट कापून जागा करावी लागते. पहिल्याच इंजिनावर हा उद्योग करू नये. डीकोडर नसलेलं इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवून देऊ नका, मोटर गुणगुणत तापत राहते.

खडी टाकण्याचे व्हिडिओ सगळ्यात लोकप्रिय, आणि त्यातही स्केलचा प्रश्न सुटून जातो. खऱ्या मार्गावरचा ५० मिमीचा दगड एनमध्ये ०.३ मिमीचा होतो. एक मिलिमीटरची खडी म्हणजे १६ सेंटिमीटरचे धोंडे. बारीक खडी घ्या, मऊ ब्रशने स्लीपरच्या माथ्याखाली सारा, अल्कोहोल-पाण्याच्या फवाऱ्याने भिजवा आणि मग पांढरा गोंद व पाणी निम्मं-निम्मं करून, भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून ड्रॉपरने सोडा. आधी भिजवलं नाही तर गोंदाचा थेंब वर गोळा होतो आणि खडी उचलतो. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ गोंद जवळजवळ नकोच. तिथे सुकलेला एक कण पुरतो आणि सांधा पूर्ण बसत नाही.

रेझिन प्रिंटरमुळे (द्रव रेझिनपासून वस्तू छापणाऱ्या थ्रीडी प्रिंटरमुळे) छोट्या स्केलला नवं बळ मिळालं आहे, आणि हा प्रचार मनापासून करावा असाच आहे. तयार छोट्या मोटर-चासीवर घरी छापलेली बॉडी बसवता येते, बाजारात कधीच न आलेली गाडी उभी राहते. फक्त मापं आंधळेपणाने लहान करू नका. खऱ्या गाडीचा ३० मिमीचा कठडा एनमध्ये ०.१९ मिमीचा होतो आणि हात लागताच तुटतो. तो किंचित जाड छापा किंवा बारीक तारेने करा. कच्च्या रेझिनला उघडा हात लावू नका.

मग कोणतं घ्यायचं

परीक्षण करणाऱ्याला इंजिन कंपनीकडून फुकट आलं आहे का, खालच्या दुव्यावर त्याला वाटा मिळतो का, ते तो सांगतो का पाहा. सांगत असेल तर त्यात गैर काही नाही. मात्र खोकं उघडण्याच्या व्हिडिओत पहिल्या तासाचं चालणंच दिसतं. आसावरचा प्लास्टिकचा दातेरी गिअर तडकणं, रबर सैल होणं हे बऱ्याच काळाने कळतं. तडकलेल्या गिअरचं इंजिन चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा लंगडतं. म्हणून त्याच मॉडेलचा जुना व्हिडिओ शोधा, आणि त्यात न कापलेल्या सलग तीन फेऱ्या, सांध्यावरून जाणं आणि डबे मागे ढकलत नेणं दिसतं का ते बघा. गाडी ढकलताना रूळ सोडत नसेल तर रूळ चांगला टाकलेला आहे.

बहुतेकांनी एन घ्यावं. रूळ, सांधे, इमारती, सुटे भाग यांची सर्वात मोठी निवड छोट्या स्केलमध्ये तिथेच आहे. नजर किंवा बोटं साथ देत नसतील आणि हव्या त्या देशाच्या गाड्या मिळत असतील तर टीटी:१२० फार छान मधला मार्ग आहे. मात्र निवड कमी आहे आणि ती थोड्याच कंपन्यांवर अवलंबून आहे. झेड त्यांच्यासाठी, ज्यांना सफाईचा कंटाळा नाही. टी गेज शोभेसाठी ठीक, शंटिंगसाठी नाही. कायमचा पाटा ठेवायला जागाच नसेल तर ३१० मिमी रुळाच्या सुट्या पेट्यांची टी-ट्रॅक पद्धत पाहा: २४८ आणि ६२ मिमीचे तुकडे जोडून एका पेटीचा रूळ होतो, पेट्या टेबलावर शेजारी ठेवून जोडायच्या आणि नंतर कपाटात.

सुरुवातीला एक लंबवर्तुळ, एक सांधा, आठ चाकांतून वीज घेणारं एक इंजिन आणि चार डबे एवढंच घ्या, काही चिकटवू नका. महिनाभर चालवा. डबा नेहमी एकाच ठिकाणी घसरत असेल तर दोष तिथल्या रुळाच्या जोडात आहे. नख फिरवून पाहा, पायरी लागेल. एकच डबा सगळीकडे घसरत असेल तर त्याच्या चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कॅलिपरने मोजा. एनमध्ये ते साधारण ७.४ ते ७.६ मिमी हवं. कमी-जास्त असेल तर चाक आसावर हलकेच पिळत सरकवून पुन्हा मोजा.